विश्लेषण : वजन घटवण्याच्या शस्त्रक्रियेला जाताना बॅगेत काय हवे? आणि बिलातले काय विमा कंपनी देत नाही?

लठ्ठपणावरील शस्त्रक्रियेसाठी रुग्णालयात साधारण दोन ते तीन दिवसच राहावे लागते. तरीही या मुक्कामाची तयारी चार कपडे आणि टूथब्रश एवढ्यावर भागत नाही. बॅगेतल्या काही वस्तूंवर रुग्णाची सुरक्षितता अवलंबून असते, तर काही कागदांवर विम्याचे लाखो रुपये. काय न्यावे, काय घरी ठेवावे आणि कशाचा खर्च स्वतःच्या खिशातून करावा लागतो, याचा आढावा.

हा विषय आता चर्चेत का?

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीनुसार (२०१९-२१) देशातील सुमारे २४ टक्के महिला आणि २२.९ टक्के पुरुषांचे वजन प्रमाणाबाहेर आहे. फेब्रुवारी २०२५ मध्ये पंतप्रधान नरेंद्र मोदी यांनी ‘मन की बात’मधून लठ्ठपणाचा मुद्दा मांडत स्वयंपाकातील तेल १० टक्के कमी करण्याचे आवाहन केले. त्याच वर्षी मार्चमध्ये ‘मौन्जारो’ आणि जूनमध्ये ‘वेगोवी’ ही वजन कमी करणारी इंजेक्शने भारतात विक्रीस आली. त्यामुळे लठ्ठपणा हा आळसाचा परिणाम नसून उपचार करावा लागणारा आजार आहे, ही समज हळूहळू रुजत आहे.

शस्त्रक्रिया हा त्यातला जुना पर्याय. नितीन गडकरी यांनी २०११ मध्ये आणि अरुण जेटली यांनी २०१४ मध्ये ती करून घेतल्यानंतर तिची राज्यात आणि देशात बरीच चर्चा झाली. पूर्वी श्रीमंतांची समजली जाणारी ही शस्त्रक्रिया आता आरोग्य विम्यातून होऊ लागली आहे. इथेच तयारीचा प्रश्न येतो. कारण विमा आहे म्हणजे सगळे बिल भरले जाईल, असा अनेक कुटुंबांचा समज असतो आणि डिस्चार्जच्या दिवशी तो मोडतो.

शस्त्रक्रियेत नेमके काय होते?

दोन प्रकार अधिक प्रचलित आहेत. ‘स्लीव्ह गॅस्ट्रेक्टॉमी’मध्ये जठराचा सुमारे ७५ ते ८० टक्के भाग काढून उरलेल्या भागाची केळ्याच्या आकाराची नळी ठेवली जाते. ‘गॅस्ट्रिक बायपास’मध्ये जठराच्या वरच्या टोकाला साधारण ३० मिलिलिटरची छोटी पिशवी तयार करून ती थेट लहान आतड्याला जोडतात. दोन्ही शस्त्रक्रिया पोटावर लहान छिद्रे पाडून दुर्बिणीद्वारे होतात. म्हणूनच मुक्काम लहान असतो आणि बहुतेक रुग्णांना त्याच संध्याकाळी उठवून चालवले जाते.

बॅग भरताना या गोष्टी लक्षात घ्याव्या लागतात. पोटावर टाके असतील, पाणी घोटाघोटाने प्यावे लागेल आणि भूल उतरताच चालायचे असेल. बॅगेत काय हवे, हे यावरूनच ठरते.

बॅगेतली सर्वांत महत्त्वाची वस्तू कोणती?

कागदपत्रांची फाइल. ‘इर्डाय’ या विमा नियामकाने २०१९ मध्ये आरोग्य विम्यातील अपवादांची भाषा सर्व कंपन्यांसाठी एकसारखी केली. लठ्ठपणावरील शस्त्रक्रियेचा खर्च कधी नाकारता येतो, हेही त्यात ठरवून दिले आहे. शस्त्रक्रिया डॉक्टरांच्या सल्ल्याने व्हावी, तिला वैद्यकीय नियमावलीचा आधार असावा, रुग्णाचे वय किमान १८ वर्षे असावे आणि बीएमआय ४० किंवा त्याहून अधिक असावा, अशा अटी आहेत. बीएमआय ३५ ते ४० दरम्यान असेल, तर सोबत गंभीर आजार असावा लागतो. लठ्ठपणामुळे झालेला हृदयाच्या स्नायूंचा विकार, हृदयाच्या रक्तवाहिन्यांचा आजार, तीव्र स्वरूपाचा स्लीप ॲप्निया किंवा आटोक्यात न येणारा टाइप-२ मधुमेह, एवढेच आजार त्यात मोजले आहेत. शिवाय वजन कमी करण्याचे सौम्य उपाय आधी करून ते निष्फळ ठरलेले असावे लागतात.

प्रत्येक अटीसाठी एक कागद लागतो. आहारतज्ज्ञांकडील नोंदी, वजनाच्या तारखा, मधुमेहाचे एचबीए१सीचे अहवाल, झोपेची चाचणी, टूडी-इको, आधी घेतलेल्या गोळ्या वा इंजेक्शनच्या चिठ्ठ्या, हे सगळे तारखेनुसार लावून ठेवावे. सोबत आधार, पॅन, पॉलिसीची प्रत, कंपनीचे पूर्वमंजुरीचे पत्र आणि प्रत्येकाच्या दोन छायाप्रती असाव्यात. मूळ अहवाल रुग्णालयाने ठेवून घेतले, तर पोच मागावी.

इथे एक बारकावा आहे. शस्त्रक्रियेआधी यकृताचा आकार कमी व्हावा म्हणून साधारण दोन आठवडे अत्यंत कमी उष्मांकाचा, बहुतांशी द्रव आहार देतात. त्यात काही किलो वजन उतरते. समजा, एखाद्या महिलेची उंची १६० सेंटिमीटर आहे. तिचे वजन १०२.४ किलो असेल, तर बीएमआय बरोबर ४० भरतो. दोन आठवड्यांत चार किलो कमी झाले, तर दाखल होताना तो साडेअडतीसच्या आत येतो. डॉक्टरांचा सल्ला काटेकोर पाळल्याने कागदावर ती अपात्र दिसू शकते. म्हणून सर्जनने पहिल्या भेटीत लिहिलेली उंची, वजन आणि तारीख असलेली चिठ्ठी फाइलमध्ये सर्वांत वर हवी.

डॉक्टर आणि विमा कंपनी यांचे निकष वेगळे का?

आशियाई लोकांत तुलनेने कमी वजनालाच मधुमेह आणि हृदयविकार सुरू होतात. त्यामुळे लठ्ठपणावरील शस्त्रक्रियेच्या अमेरिकी आणि आंतरराष्ट्रीय संघटनांनी २०२२ मध्ये निकष बदलले. बीएमआय ३५ असल्यास दुसरा आजार नसला तरी शस्त्रक्रियेची शिफारस करावी आणि आशियाई रुग्णांसाठी २७.५ पासून तिचा विचार करावा, असे त्यात म्हटले आहे. १६० सेंटिमीटर उंचीच्या व्यक्तीसाठी २७.५ म्हणजे सुमारे ७० किलो, ३५ म्हणजे सुमारे ९० किलो. विम्याचा निकष मात्र २०१९ चाच आहे.

या दोन आकड्यांमधले रुग्ण सर्वाधिक अडचणीत येतात. बीएमआय ३३ आणि मधुमेह हाताबाहेर गेलेला असेल, तर डॉक्टर शस्त्रक्रिया सुचवू शकतात; पण विमा कंपनी नियमावर बोट ठेवून खर्च नाकारू शकते. अशा रुग्णाने पूर्वमंजुरी हातात येईपर्यंत दाखल होण्याची घाई करू नये. पॉलिसीत या शस्त्रक्रियेसाठी प्रतीक्षाकाळ किंवा रकमेची मर्यादा आहे का, हेही आधीच पाहावे.

औषधे कोणती न्यावीत, कोणती थांबवावीत?

नेहमीची सगळी औषधे मूळ पाकिटांत न्यावीत. डबीत सुट्या टाकलेल्या गोळ्या परिचारिकेला ओळखता येत नाहीत. मात्र रुग्णालयात ती स्वतःहून घेऊ नयेत. शस्त्रक्रियेनंतर मधुमेहाची गरज काही दिवसांतच बदलते. जुन्या मात्रेने इन्सुलिन घेतले, तर साखर धोकादायक पातळीपर्यंत खाली जाऊ शकते.

दोन गटांतील औषधांबद्दल भूलतज्ज्ञांना दाखल होण्याआधीच सांगायला हवे. पहिला गट डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन यांसारख्या मधुमेहाच्या गोळ्यांचा. त्या साधारण किमान तीन दिवस आधी थांबवतात. उपाशीपोटी किंवा द्रव आहारावर त्या सुरू राहिल्या, तर साखर फारशी वाढलेली नसतानाही रक्तात आम्ल साठू शकते. दुसरा गट सेमाग्लुटाइड, टिर्झेपेटाइड यांसारख्या इंजेक्शनांचा. त्यांमुळे जठर उशिरा रिकामे होते आणि भूल देताना पोटातले अन्न फुप्फुसात जाण्याचा धोका असतो. शेवटचे इंजेक्शन कोणत्या तारखेला घेतले, हे चिठ्ठीवर लिहून न्यावे. वजनाचे इंजेक्शन घेत असल्याचे काही जण संकोचाने लपवतात. भूलतज्ज्ञांपासून ते लपवणे जिवावर बेतू शकते.

रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या, आयुर्वेदिक काढे आणि जाहिरातीतली ‘वजन घटवणारी’ चूर्णेही यादीत लिहावीत. घरातल्या डब्यातल्या डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन यांसारख्या वेदनाशामक गोळ्या बॅगेत नकोतच. विशेषतः बायपासनंतर त्यांनी जठराच्या नव्या जोडाजवळ व्रण होऊ शकतो.

कोणते यंत्र घरून न्यावेच लागते?

स्लीप ॲप्निया असलेले रुग्ण झोपताना सी-पॅप यंत्र वापरतात. ते मास्क, नळी आणि वायरसह न्यावे. भूल आणि वेदनाशामकांमुळे शस्त्रक्रियेनंतरच्या पहिल्या रात्री श्वास अडखळण्याचा धोका वाढतो. रुग्णालयात यंत्र असते, पण चेहऱ्याला नीट बसणारा मास्क मिळेलच असे नाही. खाटेजवळचे बोर्ड अनेकदा दूर असतात, म्हणून एक्स्टेंशन कॉर्ड सोबत ठेवावी आणि वापरण्यापूर्वी कर्मचाऱ्यांना विचारावे.

तीन चेंडूंचे स्पायरोमीटर ही दुसरी वस्तू. फुप्फुसे नीट फुलावीत म्हणून त्यातून श्वास ओढण्याचा सराव शस्त्रक्रियेआधी घरी करायला सांगतात. तेच यंत्र परत न्यावे; अन्यथा रुग्णालयात दुसरे घ्यावे लागते. पायांत रक्ताच्या गुठळ्या होऊ नयेत म्हणून वापरायचे घट्ट मोजे बाजारातून अंदाजाने आणू नयेत. पोटरी आणि मांडीचे माप घेऊन रुग्णालयाने सांगितलेलेच घ्यावेत. चुकीच्या मापाचा मोजा गुंडाळला जाऊन पाय आवळतो.

कपडे आणि दागिन्यांचे काय?

पुढून उघडणारे, सैल सुती गाउन किंवा शर्ट सर्वांत सोयीचे. रुग्णालयाचे गाउन मोठ्या शरीराला अनेकदा पुरत नाहीत आणि मग वॉर्डात चालताना रुग्ण अवघडतो. चालणे हाच उपचाराचा भाग असल्यामुळे हा प्रश्न केवळ लाजेचा राहत नाही. आपल्या मापाचे दोन-तीन गाउन जवळ असावेत. परकर किंवा पायजम्याच्या नाड्याची गाठ नेमकी टाक्यांवर येते; त्याऐवजी सैल इलॅस्टिक बरे. वाकता येत नसल्याने चप्पल पाय सरकवून घालता येणारी आणि न घसरणारी हवी. ओठ कोरडे पडतात, त्यासाठी लिप बाम, लांब वायरचा चार्जर आणि चष्म्याची डबी एवढे पुरेसे होते.

मंगळसूत्र, बांगड्या, नथ, अंगठ्या घरीच काढून ठेवाव्यात. शस्त्रक्रियेत विजेच्या उपकरणाने रक्तस्राव थांबवतात; अंगावर धातू असल्यास भाजण्याचा धोका असतो आणि हाताला सूज आल्यास अंगठी कापून काढावी लागते. मंगळसूत्र काढायला घरातल्या वडीलधाऱ्यांची हरकत असते, असा अनुभव रुग्णालयांना नवा नाही. हा विषय ऑपरेशन थिएटरच्या दारात नव्हे, तर आदल्या आठवड्यात घरी मिटवावा. नेलपॉलिशही पुसून टाकावे, कारण बोटाला लावलेल्या यंत्राने ऑक्सिजन मोजला जातो. पोटावरचे केस घरी वस्तऱ्याने काढू नयेत. बारीक जखमांतून जंतुसंसर्ग होतो.

विमा कंपनी कोणत्या वस्तूंचे पैसे देत नाही?

‘इर्डाय’ने आखलेली ६८ वस्तूंची एक यादी बहुतेक पॉलिसींच्या शेवटी जोडलेली असते. वेगळे संरक्षण घेतलेले नसल्यास या वस्तूंचा खर्च कंपनी देत नाही. या शस्त्रक्रियेच्या रुग्णाने ती यादी वाचली, तर त्याला आपल्याच बॅगेतल्या अनेक वस्तू त्यात सापडतील. स्पायरोमीटर, पोटाचा पट्टा, थर्मामीटर, औषध मोजण्याचा छोटा पेला, हातमोजे, मास्क, क्रीम आणि पावडर, बाटलीबंद पाणी, कपडे धुण्याचा खर्च, खासगी परिचारिका, सोबत राहणाऱ्याचा खर्च आणि कागदपत्रांच्या छायाप्रती हे सगळे त्यात आहे.

दुसरी यादी खोलीभाड्यातच धरायच्या वस्तूंची आहे. टूथब्रश, टूथपेस्ट, कंगवा, चप्पल, गाउन, ‘ॲडमिशन किट’, भेटीला येणाऱ्यांचा पास यांचे वेगळे पैसे रुग्णालयाने लावले, तरी विमा कंपनी ते कापून घेते. म्हणजे घरून ब्रश आणि चप्पल नेणे ही काटकसर नसून बिल वाचवण्याचा साधा मार्ग आहे. दाखल होताना ‘किट नको’ असे सांगता येते का, हे विचारावे. पोटाचा पट्टा तर दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेनंतर प्रत्येकाला लागतोच असे नाही. सर्जनला विचारूनच घ्यावा.

याहून मोठी कात्री खोलीभाड्याला लागते. पॉलिसीत खोलीभाड्याची मर्यादा असेल आणि रुग्णाने महागडी खोली घेतली, तर केवळ भाड्यातला फरक नव्हे, तर डॉक्टरांचे शुल्क, थिएटरचा खर्च अशा संबंधित बाबीही त्याच प्रमाणात कापल्या जातात. औषधे, इम्प्लांट आणि तपासण्यांना ही कपात लागू करता येत नाही. तरीही दोन दिवसांच्या चांगल्या खोलीचा मोह काही हजारांचा नव्हे, तर त्याहून कितीतरी मोठ्या रकमेचा ठरू शकतो.

काय अजिबात नेऊ नये?

डबा. आपल्याकडे आजाऱ्याला भेटायला रिकाम्या हाताने जात नाहीत. फळे, बिस्किटे, साजूक तुपातला शिरा घेऊन नातेवाईक येतात आणि ‘एक घास तरी घे’ असा आग्रह होतो. या शस्त्रक्रियेनंतर तोच घास घातक ठरू शकतो. जठर नुकतेच कापून शिवलेले असते. ताण आल्यास टाक्यांच्या रेषेतून गळती होऊ शकते आणि ही सर्वांत गंभीर गुंतागुंत मानली जाते. सुरुवातीला साधारण ३० मिलिलिटर पाणी किंवा पातळ पेय घोटाघोटाने, तेही डॉक्टरांनी परवानगी दिल्यावर द्यायचे असते. नारळपाणीसुद्धा विचारल्याशिवाय नको. घरातला छोटा स्टीलचा पेला मात्र जरूर न्यावा. मोठ्या ग्लासातून घोटाचा अंदाज येत नाही.

प्रोटीन पावडरचे मोठे डबेही आधीच घेऊन ठेवू नयेत. शस्त्रक्रियेनंतर अनेकांची चव बदलते आणि आवडीची पावडर नकोशी होते. तंबाखू, गुटखा आणि मशेरी बॅगेत नकोच. निकोटिनमुळे जखमा उशिरा भरतात आणि व्रणाचा धोका वाढतो. मशेरी अनेकांना व्यसन वाटतच नाही, त्यामुळे डॉक्टरांनी विचारल्यावर तिचा उल्लेख राहून जातो.

सोबत कोण असावे?

हौसेने जमणाऱ्या पाच जणांपेक्षा नाही म्हणू शकणारी एक व्यक्ती उपयोगी पडते. तिच्याकडे फाइल, औषधांची यादी आणि विमा कंपनीचा क्रमांक असावा. भेटायला येणाऱ्यांना आणि त्यांच्या डब्यांना थोपवण्याचे कामही तिचेच. बाहेरगावाहून पुणे-मुंबईला येणाऱ्यांनी सोबत्याची झोपण्याची आणि जेवणाची सोय आधीच पाहावी. हा खर्च विम्यातून मिळत नाही.

डिस्चार्जच्या दिवशी काय पाहावे?

‘इर्डाय’च्या मे २०२४ च्या परिपत्रकानुसार कॅशलेस उपचारांची मंजुरी विनंती मिळाल्यापासून एका तासात आणि डिस्चार्जच्या वेळची अंतिम मंजुरी तीन तासांत द्यावी लागते. त्यानंतर उशीर झाल्यामुळे रुग्णालयाने जादा आकार लावला, तर तो कंपनीने सोसायचा असतो. रुग्णालयाने कंपनीला विनंती किती वाजता पाठवली, ती वेळ सोबत्याने लिहून ठेवावी. कापलेल्या प्रत्येक रकमेचे कारण लेखी मागावे आणि डिस्चार्ज कार्डावर उंची, मूळ वजन व सोबतचे आजार नोंदवले आहेत का, हे निघण्याआधीच वाचावे.

घरी परतताना पोट आणि सीटबेल्ट यांमध्ये ठेवायला एक छोटी उशी हवी. प्रवास लांबचा असल्यास अधूनमधून गाडी थांबवून चालावे, कारण गुठळ्यांचा धोका घरी गेल्यावरही काही आठवडे राहतो. नाडीचे ठोके सतत मिनिटाला १२० च्या वर राहणे, ताप, वाढत जाणारी पोटदुखी, डाव्या खांद्यात दुखणे, धाप लागणे, एका पोटरीला सूज येणे किंवा पाणीही न टिकणे, यांपैकी काहीही झाल्यास सकाळची वाट न पाहता शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णालयाशी संपर्क साधावा. सतत उलट्या होत असतील, तर बी-१ जीवनसत्त्वाच्या अभावाने मज्जासंस्थेवर परिणाम होऊ शकतो. जीवनसत्त्वे, लोह आणि कॅल्शियम आयुष्यभर घ्यावे लागते. हा खर्चही दरमहा स्वतःच करायचा असतो. महिलांनी साधारण १२ ते १८ महिने गर्भधारणा टाळावी, असा सल्ला दिला जातो.

दावा नाकारला तर?

प्रथम कंपनीच्या तक्रार विभागाकडे लेखी तक्रार करावी. एका महिन्यात उत्तर न आल्यास किंवा ते समाधानकारक नसल्यास विमा लोकपालांकडे जाता येते. राज्यात मुंबई, पुणे आणि ठाणे येथे त्यांची कार्यालये आहेत. ५० लाख रुपयांपर्यंतच्या तक्रारी तिथे घेतल्या जातात, शुल्क लागत नाही आणि वकिलाची गरज नसते. कंपनीच्या उत्तरानंतर एका वर्षाच्या आत अर्ज करावा लागतो. तिथेही उपयोगी पडते ती तारखेनुसार लावलेली फाइलच.

मूळ प्रश्न मात्र धोरणाचा आहे. विम्यातून वगळलेल्या वस्तूंच्या यादीमागचा हेतू चैनीच्या खर्चाला लगाम घालण्याचा होता. पण फुप्फुसे सुरक्षित ठेवणारे स्पायरोमीटर या रुग्णासाठी चैन नाही. तसेच सात वर्षांत वैद्यकीय निकष बदलूनही विम्याचा बीएमआय तिथेच थांबला आहे. नियामक हे दोन्ही दुरुस्त करेपर्यंत ही दरी भरून काढण्याचे काम रुग्णाच्या बॅगेला आणि खिशालाच करावे लागणार आहे.